एका खांबावर

चौतीस वर्षं परभणीत मी फोनच्या तारा जोडल्या.
बिघाड कानाला कळायचा.
खरखर आली म्हणजे जोडात पाणी शिरलंय,
सुन्न लागली म्हणजे
कुणीतरी रातोरात तांबं कापून नेलंय.

आता बिघाड घरातच, आणि तार दिसत नाही.

श्रावस्तीनं खेळाच्या बक्षिसातून राउटर आणला,
काळा, आठ अँटेनांचा,
उताण्या खेकड्यासारखा.
तो गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत, तिच्या टेबलावर.
रात्री अकराला तिची टोळी जमते.
एक उदगीरचा, एक गेवराईची,
एक कुठला ते माहीत नाही,
तो बोलत नाही, नुसता गोळ्या घालतो.

सुगत खाली, दगडी भिंतीच्या खोलीत,
पुण्याच्या साहेबाला "येस सर" म्हणत.
त्यानं तीन पांढऱ्या डब्या आणल्या,
पालथ्या वाट्याच जणू.
एक बैठकीत, एक जिन्यात,
एक ओट्यावर, हळदीच्या बरणीशेजारी.
कांता तिच्यावर झाकण समजून पळी ठेवते.

आणि भांडण लागलं.
वरच्यांचं खालच्यांना, खालच्यांचं वरच्यांना.
साहेबाचं तोंड अर्ध्या "गुड मॉर्निंग"वर थिजायचं,
वर गेवराईची पोरगी ओरडायची,
"श्रावे, मेलीस का गं?"
"ह्यानंच काढलाय प्लग!"
"तुझा खेकडाच सगळं खाऊलालाय!"
महिनाभर भाऊबहीण
एकमेकांशी फक्त प्लगातून बोलले.

रविवारी चष्मा लावून मी बसलो.
पोरीनं पडदा दाखवला, पोरानं त्याचा.
पाहिलं तर दोघेही घरमालक.
खेकडाही पत्ते वाटतो, वाटीही पत्ते वाटते,
आणि दोघांचा स्वतःचा पत्ता एकच,
१९२.१६८.१.१.
गल्लीत दोन घरांना एकच नंबर असला
तर पोस्टमन काय करील?
ओट्यावर पत्र ठेवून निघून जाईल.

म्हणलं, कामून भांडताव?
एका खांबावर दोन लाइनमन चढत नसतात.
एकजण वर. दुसरा खालून शिडी धरतो.
शिडी धरणाऱ्याचा पगार कमी नसतो.

कोण धरणार, यावर एक तास गेला.
चहा दोनदा झाला.
शेवटी सुगतनं त्याच्या वाट्यांचं मालकपण काढलं.
पत्ते वाटायचे नाहीत,
आलेलं फक्त पुढं द्यायचं.
बटण दाबताना त्याचा अंगठा थांबला होता,
मी पाहिलं, बोललो नाही.
मग श्रावस्तीनं खेकडा उचलला,
दोन्ही हातांनी, भरल्या घागरीसारखा,
आणि जिना उतरून बैठकीत आणून ठेवला,
बाहेरून काच-तार येते तिथं.
"मग माझ्या खोलीत काय?"

तार, म्हणलं.
तुझ्यासाठी तार.

नव्या मोंढ्यातून वीस मीटर आणली.
साल सोलली तर आत
तांब्याच्या चार जोड्या, एकमेकींना पीळ घालून.
मी जरा वेळ तशीच धरून बसलो.
किती वर्षांनी.
पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.
सुगत रंग वाचत होता,
श्रावस्ती टॉर्च धरून होती,
माझा हात पहिल्यासारखा स्थिर नाही,
दोन टोपणं वाया गेली.
कुणी काही म्हणलं नाही.

जिन्यातून, पत्र्याच्या भोकातून, टेबलापर्यंत.

"बाबा, एकशे चाळीसवरून बावीस!"
काय बावीस, ते विचारलं नाही.
खाली साहेब अख्खा वाक्यं बोलत होता, दुर्दैवानं.
कांता ओट्यापाशी उभी राहून
जिंतूरच्या बहिणीला फोनात शेपू दाखवत होती,
हिरवागार, न थिजता.

रात्री सगळे निजल्यावर
जिन्यात बसून मी ती तार कानाला लावली.
जुनी खोड.
खरखर नाही. काहीच नाही.
वर गेवराईची पोरगी हसल्याचं
दाराआडून ऐकू आलं.

चालू आहे, म्हणजे.